दोन रुपये पान

सक्करदऱ्याच्या चौकात माझं झेरॉक्सचं दुकान.
मशीन जुनं. मे महिन्यात कागद आत अडकतो,
कूलर नुसता आवाज करतो.
लोकांचे कागद वाचायचे नाहीत, हा धंद्याचा नियम.
सातबारा, फारकती, रक्तातली साखर
पालथी ठेवायची काचेवर, झाकण पाडायचं,
उजेड सरकेपर्यंत रस्त्याकडे बघायचं.

मार्चात कुमुद नंदनवार आली.
मोबाईलवर आलेला करारनामा, अकरा पानं.
"घरबसल्या काम भेटलं, दादा. फॉर्म भरायचे.
सहाशे फॉर्म, सहा दिवस, अठरा हजार.
मागावर दोघं बसत होतो,
महिन्याले एवढे पाह्यले नाही कधी."
अकरा पानं काढून दिली. बावीस रुपये.
नवव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात
दंडाबद्दल काहीतरी होतं.
माझी नजर पडली होती.
उजेड सरकला. मी रस्त्याकडे बघितलं.

पोट्टे झोपले की ती टाईप करायची,
दिराच्या लॅपटॉपवर, ज्याचं एक बटण निघालेलं.
फोटो असे धूसर
की शून्य आहे का ओ, कोणालाच कळू नये.
सहाव्या रात्री साईट उघडलीच नाही.

एप्रिलात परत आली. या वेळी तीन पानं.
वकिलाची नोटीस.
"चुका जास्त निघाल्या म्हणते.
साडेनऊ हजार भरा, नाही तर पोलीस घरी येतील.
घरी कोणाले सांगितलं नाही अजून.
इतवारीत डोरल्याचं वजन करून आली."

मशीन गरम व्हायला मिनिटभर लागतं.
तेवढ्यात मी नियम मोडला.
'न्यायालय' या शब्दातला एक काना गायब.
हा काना मी आधी कुठं तरी हरवलेला पाहिला होता.

टेबलाखाली खराब प्रतींचा गठ्ठा असतो,
हिशेबाला, मशीनची शाई तपासायला.
त्यातून दोन निघाल्या:
रेशीमबागेतल्या एका पोराची,
दिघोरीच्या नर्सबाईची.
तोच वकील, तेच साडेनऊ हजार,
सहीच्या शेपटीशी तोच शाईचा थेंब.

आता एवढं मला कळतं.
डाग दर पानावर त्याच जागी आला
तर तो कागदाचा नसतो, काचेचा असतो.

तिन्ही पानं एकावर एक ठेवून
ट्यूबलाईटसमोर धरली.
तीन सह्या मिळून एकच सही दिसली.
कुमुदनं पानं हातात घेतली,
काठ जुळतो का पाहावा तशी बोटं फिरवली.
"हातानं एवढं सारखं निघत नाही, दादा.
माझ्या सासऱ्याच्या हातानंही निघालं नाही कधी."

मग बराच वेळ काही बोलली नाही.
"मालक पह्यले सूत देते," ती म्हणाली,
"मग आपण लुगडं देतो, मग तो मजुरी देते.
यानं तर नोंदणीचे बाराशे
पह्यल्याच दिवशी नेले माझ्याकडून.
तेव्हाच समजाले पाहिजे होतं नं."

फोन वाजला. 'सर' असं नाव.
तिनं तो काउंटरवर ठेवून उचलला.
"पाठवा पोलीस. घरी कायले,
मीच जाऊन राहिली ठाण्यात.
तीन नोटिसा आहेत माझ्यापाशी. तुमच्याच."
पलीकडून सर एकदम मराठी विसरले.

बाराशे काही परत आले नाहीत.
नवव्या पानाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

काल एक पोरगा आला, कानात इअरफोन.
पेन्सिली पॅक करायचं काम, महिना तीस हजार.
"आधी पैसे कोण देणार रे, तू का ते?"
"काका, तुम्ही फक्त प्रिंट काढा ना."

काढली. दोन रुपये पान.
फक्त कागद घेतला टेबलाखालच्या गठ्ठ्यातला,
नाव काळ्या पेननं खोडलेला.

"काका, हा मागून छापलेला आहे."
"हो," मी म्हटलं. "मागूनच वाचायला घे."